पोटरी दुखेपर्यंत चालायला लावणारं फिजिओथेरपी सेंटर

थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो आणि दोन-चार मिनिटं नुसतं उभं राहिलं की आपोआप जातो, असं ज्यांना होतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजपथानं मोती चौकाकडे चढताना हेच व्हायचं. आधी पोटरी जड व्हायची, मग आतून कुणी मूठ आवळल्यासारखी घट्ट, की पुढचं पाऊल टाकवायचं नाही. मी एसटीत ड्रायव्हर होतो. नोकरीभर बिडी, त्यात शुगर. एका ठिकाणी मणक्याचं दुखणं म्हणून वर्षभर पट्टा लावला, तेल लावून मालीश केलं. मणक्याचं असेल तर बहुतेकांना बसावं किंवा पुढं वाकावं लागतं, रक्तवाहिनीचं असेल तर उभं राहिलं तरी थांबतं. एवढं एक जरी तिथं विचारलं असतं तरी माझं वर्ष वाचलं असतं.

शेवटी व्हॅस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घोट्याजवळचा रक्तदाब मोजला, दंडाचा मोजला आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागलं. याला एबीआय म्हणतात. ०.९० किंवा त्याच्या खाली आला की पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात. माझा डाव्या पायाचा ०.६२ आला. शुगरवाल्यांच्या धमन्या कडक झालेल्या असतील तर हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायचा का, हे जरूर विचारा. बिडी त्याच दिवशी बंद करायला लावली, गोळ्या दिल्या, आणि स्टेंटचा विचार करण्याआधी तीन महिने या फिजिओथेरपी सेंटरला पाठवलं.

इथं आधी बूट-मोजे काढून तळपाय बघतात, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग नाडी आणि बीपी. त्यानंतर ट्रेडमिल. वेग ताशी ३.२ किलोमीटर, सुरुवातीला चढ नाही. फिजिओथेरपिस्ट मॅडम बाजूला उभ्या राहून सारखं विचारतात, "काका, किती?" एक म्हणजे दुखत नाही, पाच म्हणजे सोसवत नाही. दोनलाच मला उतरावंसं वाटायचं. त्या म्हणायच्या, "अजून थोडं, मी आहे इथं." तीन-चारच्या मध्ये पट्टा थांबवायचा, खुर्चीवर बसायचं, पोटरी पूर्ण मोकळी झाली की पुन्हा वर चढायचं. सगळं मिळून पाऊण तास, आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. सलग आठ-दहा मिनिटं जमायला लागली की चढ वाढवतात. पैसे वसूल होतात ते याच "काका, किती?"मध्ये. घरी एकट्यानं कुणीही दुखायला लागलं की थांबतो, आणि गुण तर त्याच्या पुढच्या मिनिटा-दोन मिनिटांत आहे.

"दुखत असताना चालून पाय जाईल," म्हणून आमच्या घरात सगळे घाबरले होते. मॅडमनी बायकोलाच बोलावून समजावलं. अडथळा जिथल्या तिथंच राहतो. पण स्नायू मिळेल तेवढ्या रक्तातून जास्त प्राणवायू वापरायला लागतात, धमन्यांचं अस्तर सुधारतं, चालही सुधारते. माझा एबीआय नंतरही जवळपास तेवढाच आहे, पण मोती चौकापर्यंत आता एकदाच थांबतो. हे माझ्या एकट्याचं नाही. १९९५ मध्ये २१ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अशा व्यायामानं जास्तीत जास्त चालण्याचं अंतर सरासरी ३२६ मीटरवरून ७२३ वर गेलं होतं. आणि २०२१ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात घरच्या घरी पण दुखेल इतक्या जोरात चालणाऱ्यांना फायदा झाला, न दुखता हळू चालणाऱ्यांना तो झाला नाही.

आता तक्रारी. सेंटर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. पायाच्या पेशंटला जिना चढायला लावणं मला मुळीच पटलेलं नाही, आणि हे मी मालकांना तोंडावर सांगितलंय. ट्रेडमिल दोनच, संध्याकाळी ताटकळावं लागतं. एका वेळचे ३५० रुपये, आणि माझ्या मेडिक्लेमवाल्यांनी ओपीडी म्हणून हात वर केले. अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा २०१७ पासून बारा आठवड्यांतल्या ३६ सेशन्सचे पैसे देतं. आपल्याकडे पेन्शनीतून हे भागवणं सोपं नाही. हे पैसे विम्यातून मिळायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे.

रात्री झोपेत पाय दुखतो, पलंगाखाली लोंबकळत ठेवला की बरं वाटतं, जखम भरत नाही, बोट काळं पडलंय, यातलं काहीही असेल तर इथं येऊ नका, त्याच दिवशी व्हॅस्क्युलर सर्जन गाठा. माझ्यासमोर एका गृहस्थांच्या टाचेची जखम बघून मॅडमनी फी न घेता त्यांना तिकडं पाठवलं होतं. छातीत दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

सकाळची साडेसातची बॅच मागून घ्या. गर्दी नसते आणि मॅडम स्वतः असतात. चपलेवर जाऊ नका, मऊ तळव्याचे बूट आणि सुती मोजे लागतात. शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असाल तर नाश्ता करूनच जा.