९६ टक्क्यांची गॅस फर्नेस, एक हिवाळा वापरून: यंत्र चांगलं, झरोका भिकार

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आतले सुटे भाग बहुतेकांचे एकाच जातीचे असतात, त्यामुळे तक्रारही बऱ्याच जणांना लागू पडेल. शिकागोच्या उपनगरातलं घर, बेसमेंटमध्ये फर्नेस, म्हणजे गॅस जाळून घरभर गरम हवा फिरवणारं यंत्र. दोन टप्प्यांची (आधी मंद आच, गरज पडली तर पूर्ण), धूर पीव्हीसी पाइपने बाहेर टाकणारी. ९६ टक्के म्हणजे गॅसमधली तेवढी उष्णता घराला मिळते.

डिसेंबर संपेपर्यंत पाच तारे दिले असते. मग कडाक्याच्या थंडीत तिने गार हवा फेकायला सुरुवात केली आणि झरोक्याची गाठ पडली.

बिघाड कुठे आहे ते कंट्रोल बोर्डावरचा दिवा लुकलुकून सांगतो. तो बघायला खालच्या दारात शर्टाच्या बटणाएवढं भोक दिलंय (हाच तो झरोका), तेही गुडघ्याच्या उंचीवर. दिसत नाही म्हणून दार काढलं की दाराचा सुरक्षा स्विच वीज तोडतो आणि ह्या मॉडेलमध्ये लुकलुकण्याचा कोडही पुसला जातो. सर्व्हिसवाला येतो, आल्या आल्या दार काढतो, पुन्हा लावतो, फर्नेस सुरू होते, "ऑल गुड" म्हणून तो भेटीचे पैसे घेऊन जातो. रात्री पुन्हा गार. वॉरंटी दहा वर्षांची, पण फक्त भागांवर. मजुरी आपल्याच खिशातून. म्हणून आधी फोन भोकाला लावून दिव्याचा व्हिडिओ काढा, मगच दाराला हात लावा. कोडचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, म्हणजे तो वाचायला दार काढावंच लागतं. ह्या डिझाइनला काय म्हणावं!

कोड हुकला तरी गार हवा नेमकी कधी येते त्यावरून बरंच कळतं.

मधूनमधून गार, पण घर ठरल्या तापमानाला येतंय: थर्मोस्टॅटवर फॅन "ऑन"वर असेल. "ऑटो" करा, विषय संपला.

आधी गरम, काही मिनिटांनी गार, मग पुन्हा गरम: हवा कमी पडून हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) जास्त तापतोय. जास्त तापल्यावर तुटणारा लिमिट स्विच बर्नर बंद करतो, घरात हवा ढकलणारा ब्लोअर मात्र फिरत राहतो. फिल्टर बघा. मर्व्ह हा फिल्टर किती बारीक धूळ पकडतो त्याचा आकडा. एक इंची मर्व्ह १३ फिल्टर धूळ छान पकडतो, पण बऱ्याच डक्टांना (हवेच्या नळांना) झेपत नाही. मर्व्ह ८ घालून फरक पडतो का पाहा. गॅस वाचवायला रिकाम्या खोल्यांचे रजिस्टर (हवा येण्याच्या जाळ्या) बंद करायची आपली सवयही इथेच नडते.

बर्नर पेटतो आणि काही सेकंदांत विझतो, असं तीन-चारदा होऊन फर्नेस लॉकआउटमध्ये जाते (स्वतःला बंद करून घेते): बहुधा फ्लेम सेन्सर. इग्नायटरच्या (लाल तापून गॅस पेटवणाऱ्या भागाच्या) विरुद्ध टोकाच्या बर्नरपुढची ही बारीक दांडी, एक वायर, पाव इंची डोक्याचा एकच स्क्रू. ज्योतीतून जाणारा मायक्रोअँपियरमधला करंट बोर्ड मोजतो. दांडीवर पुट चढलं की तो घटतो, आणि ज्योत समोर असूनही बोर्डाला ती दिसत नाही. फर्नेसचा स्विच आणि गॅसचा कॉक बंद करून दांडी काढा, बारीक स्टील वूलने घासा, कोरड्या कपड्याने पुसा. सँडपेपर नको, ओरखड्यांत पुट लवकर बसतं. सेन्सरच्या वायरमध्ये मल्टिमीटर सिरीजमध्ये जोडून १ मायक्रोअँपियरच्या खाली वाचन आलं तर दुखणं शिल्लक आहे. घासूनही वाढत नसेल तर नवी दांडी मागवण्याआधी बर्नरचं अर्थिंग तपासा.

माझ्या फर्नेसचं दुखणं मात्र चौथ्या प्रकारचं निघालं: इंड्यूसर (धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा) घुमतो, इग्नायटर लालच होत नाही. म्हणजे धुराची वाट मोकळी आहे का ते हवेच्या दाबावरून बघणारा प्रेशर स्विच जुळत नाही. असा स्विच बदलून द्यायला सगळे तयार असतात, पण दोष क्वचितच त्याचा असतो. बाहेर पाइपच्या तोंडावर बर्फ साचलाय का बघा. मग कंडेन्सेट ट्रॅप, म्हणजे आतलं पाणी निचरणारी कुंडी. ९० टक्क्यांच्या वरच्या फर्नेसमध्ये धुरातल्या वाफेचं पाणी होतं. ट्रॅप गाळाने तुंबला की ते मागे साचतं आणि धुराची वाट अडते. ट्रॅप काढून कोमट पाण्याने धुवा आणि बसवताना पाण्याने भरूनच बसवा. नळीला झोळ नको. पाणी पंपाने बाहेर जात असेल तर पंपाचा फ्लोट स्विचही फर्नेस अडवतो. प्रेशर स्विच किंवा लिमिट स्विचला वायर जोडून बगल देण्याचे व्हिडिओ बघायला मिळतात. तो उद्योग अजिबात करू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू ठेवा.

ट्रॅप धुतल्यापासून फर्नेस गुपचूप चालतेय, म्हणून आता चार तारे. पहिल्या टप्प्यातली हवा कोमट लागते ही तक्रार मी मागे घेतो. रेटिंग प्लेटवर (यंत्राच्या माहितीच्या पट्टीवर) हवेच्या तापमानात ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट वाढ लिहिली असेल आणि परतीची हवा ६८ असेल, तर १०३ लाही यंत्र बरोबरच चालतंय. वाहती असल्यामुळे ती हाताला गारच वाटते. डक्टमध्ये थर्मामीटर घालून बघा. सुटा इग्नायटर आणून ठेवणार असाल तर मॉडेल नंबर त्याच प्लेटवरून घ्या आणि बसवताना काळ्या भागाला बोट लावू नका.