फेरारी २५० एलएमचं १:१८ मॉडेल: एक पावसाळा काढल्यानंतर

आधी स्पष्ट सांगतो, खऱ्या गाडीची गोष्ट माहीत नसेल तर एवढे पैसे या अठरापट लहान मॉडेलवर घालू नका. लाल फेरारी निम्म्या किमतीतही मिळते.

२५० एलएम ही फेरारीची रेसची गाडी, जेमतेम ३२ बनल्या. हे मॉडेल त्यातल्या चॅसिस नंबर ५८९३चं, म्हणजे १९६५च्या ल माँमधल्या (फ्रान्समधली २४ तासांची रेस) २१ नंबरच्या गाडीचं. ती उतरवली होती लुइजी किनेटीच्या अमेरिकन टीमने, नार्टने. हा किनेटी स्वतः १९४९मध्ये फेरारीला ल माँचं पहिलं विजेतेपद मिळवून देणारा ड्रायव्हर. ६५ साली मात्र खासगी टीमच्या या गाडीकडून कुणाला फारशी आशा नव्हती. सुरुवातीलाच इग्निशनने दगा दिला, बराच वेळ पिटमध्ये, दुरुस्तीत गेला. मग मॅस्टन ग्रेगरी आणि जोखेन रिंट या दोघा ड्रायव्हरांनी ‘तुटली तर तुटली’ म्हणत गाडी पिदडली असं सांगतात. पुढे फोर्ड एकेक करून बाद झाल्या, फेरारीच्या कारखान्याच्या गाड्यांच्या ब्रेक डिस्कना तडे गेले आणि ही ३४८ फेऱ्या मारून पहिली आली. रात्री एड ह्युगस या राखीव ड्रायव्हरनेही ती काही वेळ चालवली, असा त्याचा दावा होता. त्यावर अजून वाद घालता येतो आणि आम्ही घालतो. ६५नंतर पुन्हा ल माँ जिंकायला फेरारीला २०२३ उजाडलं.

आता मॉडेल. मागचं झाकण उचललं की पैसे वसूल. व्ही-१२ इंजिन, सहा वेबर कार्ब्युरेटर, त्यांचे बारा भोंगे ओळीने, प्लगच्या वायरी वेगवेगळ्या ओवलेल्या. टॉर्च मारून बघा. तारांच्या चाकांत मात्र धूळ अशी बसते की फडकं नाही चालत, मेकअपचा मऊ ब्रशच लागतो. पावसाळ्यात टायर लाकडी पाटाला चिकटून काळे डाग पडले. आता खाली बटर पेपर असतो आणि काचपेटीत सिलिका जेलच्या पुड्या. डिकल, म्हणजे नंबर-नावांचे स्टिकर, कुठेही उचललेलं नाही. उजवं दार पहिल्या दिवसापासून किंचित वर बसतं, ते तसंच आहे. विक्रेत्याने ‘हाताने बनवलेलं असतं, चालायचंच’ म्हणून हात झटकले. या किमतीला नाही चालत.

सगळ्यात जास्त खटकतात ते कोरे टायर. ल माँमध्ये गुडइयरला पहिला विजय याच गाडीने मिळवून दिला आणि मॉडेलच्या टायरवर एक अक्षर नाही!

दुसरी तक्रार सगळ्याच मॉडेलवाल्यांकडे. सगळे ६५वर थांबतात. ही गाडी जिंकून शोभेला गेली नव्हती. जुनी झाल्यावरही किनेटी तिला पळवतच राहिला: १९६८ला पुन्हा ल माँ, १९६९ला तिथेच आठवी, १९७०ला डेटोनाच्या २४ तासांत सातवी. मग ती इंडियानापोलिस स्पीडवेच्या म्युझियममध्ये गेली. त्यांनी फेब्रुवारी २०२५मध्ये पॅरिसच्या लिलावात काढली, तेव्हा साधारण ३.४९ कोटी युरो आले. मला विचाराल तर त्या किमतीत एका विजयाइतकाच या पुढच्या पळापळीचाही वाटा आहे. झेकोली आणि पोझी यांनी ६९ला आठवी आणली त्या गाडीचं मॉडेल कुणी काढलं तर दार वाकडं असलं तरी घेईन. तोवर ही घ्यायची असेल तर ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाऊन दोन्ही दारं उघडून-मिटून बघा.