खांद्याची शिलाई: नुसते टाके की वर ठिगळ?

मामांनी सोलापुरात 30 वर्षं पॉवरलूमवर चादरी विणल्या. आता उजवा हात खुंटीवरच्या शर्टापर्यंतही जात नाही. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस या हात वर उचलणाऱ्या खांद्याच्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, फाटलेली निघाली. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या.

पहिली साधी: दुर्बिणीतून फाटलेलं टोक ओढून अँकरने, म्हणजे हाडात बसवलेल्या छोट्या खुंटीने, हाडाला शिवायचं. फाट लहान, स्नायू धडधाकट, तर मला हीच पटते. खर्चही कमी.

पण फाट 5 सेंमीहून मोठी, स्नायूत चरबी भरलेली, कंडरा जुन्या टॉवेलसारखी विरलेली असेल, तर बहुतेकदा दोरा तुटत नाही, कापडच फाटतं. हे मामांना माझ्याआधी कळलं! तिथे दुसरी वाट, कलम म्हणजे ठिगळ, उपयोगी: स्वतःच्या बायसेप्सची कंडरा किंवा मांडीतली फॅसिया लाटा (स्नायूंवरचा चिवट पडदा) वर शिवली की टाक्यांवरचा ताण वाटला जातो. शरीर तिला परकं मानत नाही. मात्र मांडीला दुसरी जखम होते. दात्याच्या त्वचेचा पॅच घेतला तर मांडी वाचते, पण बिल फुगतं.

हात झोळीत अडकवून ठेवणं दोन्हीकडे अटळ, साधारण 4 ते 6 आठवडे.

मामांची फाट दीड सेंमीची. "मग ठिगळ कशाला रे?" म्हणाले, आणि डाव्या हाताने चहाचा कप उचलला.