पाणथळीसाठी बर्ग्यांचं दार: जुनाट, चिखलाळ, तरीही स्क्रू गेटपेक्षा सरस

पूरमैदानातल्या पक्षी अभयारण्यात तळ्याच्या विमोचकावर, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या वाटेवर, काय बसवायचं, हा प्रश्न निघाला की पहिली पसंती बहुधा स्क्रू गेटला मिळते. चाक फिरवलं की झडप वर, पाणी बाहेर. बर्ग्यांचं दार त्याच्यापुढे अगदीच साधं: काँक्रीटची उभी पेटी, दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा, त्यांत एकावर एक रचलेल्या फळ्या म्हणजे बर्गे, आणि पेटीच्या तळातून भरावाखालून, म्हणजे तळ्याच्या मातीच्या बांधाखालून, पलीकडे जाणारा पाइप. पण स्थलांतरित पक्ष्यांसाठी पाणी राखायचं असेल तर हेच घ्या.

कारण एकच. स्क्रू गेट पाणी तळातून सोडतं, हे माथ्यावरून सोडतं. स्क्रू गेट बोटभर उघडं राहिलं तर तळं रिकामं होईपर्यंत वाहत राहतं. इथे पाणी वरच्या बर्ग्याच्या कडेला टेकलं की प्रवाह आपोआप थांबतो, आणि रात्रीत पाऊस झाला तर जादा पाणी ओसंडून जातं. चिखल्या-तुतवारांसारख्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना साधारण 5 सेंमीच्या आतलं पाणी आणि ओला चिखल लागतो, वरवर चरणाऱ्या बदकांना 10 ते 25 सेंमी. एवढ्या कमी फरकात रोज चाकाशी खेळत बसणं कोणाला जमणार?

खरेदीत सगळ्यात मोठी चूक होते ती बर्ग्यांच्या उंचीत. कारखाने सरसकट 15 सेंमीचे बर्गे देतात. हिशेब करून बघा. तळं 10 हेक्टरचं आणि दार 1 मीटर रुंद असेल, तर 15 सेंमीचा एक बर्गा काढल्यावर सुरुवातीला सेकंदाला 107 लिटर पाणी जातं, म्हणजे त्या वेगानं दिवसाला 9 सेंमी पातळी उतरते. चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे पक्ष्यांच्या तोंडी लागण्याआधीच वाळून जातात. तोच बर्गा 5 सेंमीचा असेल तर 20 लिटर, दिवसाला जेमतेम 2 सेंमी, आणि पातळी उतरेल तसा वेग आणखी कमी. असं हळूहळू ओसरणारं पाणी रोज चिखलाचा नवा पट्टा वाढून ठेवतं. म्हणून तळाला 15 सेंमीचे, पण वरच्या अर्ध्या मीटरला 5 सेंमीचेच बर्गे मागून घ्या.

बर्गे नेहमी वरून खाली, एकेक करूनच काढायचे. 1 मीटर पाण्याखालच्या 15 सेंमीच्या बर्ग्यावर, पलीकडे पाणी नसेल तर, सुमारे 140 किलोचा दाब असतो. तो हातानं ओढायला जाणं म्हणजे हुक तोडून घेणं. प्रत्येक बर्ग्याला दोन्ही टोकांना कड्या हव्यात. एकच कडी मधोमध असली की बर्गा खाचेत तिरपा अडकतो.

गळती ही कायमची तक्रार. लाकूड कोरडं असताना फटींतून पाणी झिरपतंच, काही दिवसांत फुगून बसतं. म्हणूनच 5 सेंमी जाडीच्या बर्ग्याला 6 सेंमीची खाच लागते. नेमकी 5 ची केली तर फुगलेला बर्गा पहारीशिवाय निघत नाही. तरीही गळत असेल तर पाण्याच्या बाजूनं लाकडाचा भुसा किंवा राख सोडा, ओढीनं फटीत जाऊन बसते. दुहेरी खाचा करून मध्ये माती ठासण्याचा सल्लाही मिळतो. गळती थांबते खरी, पण पूर आल्यावर ती माती उपसायला कोण उतरणार?

पुराची गोष्ट निराळी, आणि पूरमैदानात ती टळत नाही. नदीचं पाणी भरावावरून आत कोसळलं तर आतल्या उतारावरची माती खरवडून नेतं. ते टाळायचं असेल तर नदी चढायला लागताच सगळे बर्गे काढून पाइपमधून पाणी आत येऊ द्यावं. आत-बाहेर पातळी एक झाली की भरावावरून पाणी गेलं तरी फारसं बिघडत नाही. बर्गे आतच राहिले तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, त्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही आणि लाकूड तरंगून वाहून जातं. वरच्या बर्ग्यावर कुलपाची पट्टी नसलेली पेटी घेऊच नये. पाइपभोवती आडवी काँक्रीट भिंत आहे ना, तेही बघा; नसेल तर पाझर पाइपच्या कडेनं वाट काढतो आणि भराव तिथेच फुटतो.

आता पर्यटक. दार तळ्याच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात असतं. पाणी उतरताना शेवटचं डबकं तिथेच उरतं, त्यात मासे कोंडतात आणि बगळे, चमचे, करकोचे तिथे गोळा होतात. निरीक्षण कुटी याच कोपऱ्याकडे तोंड करून हवी, पण सूर्य पाठीशी येईल अशी. भरावाच्या माथ्यावर उभा माणूस आकाशापुढे ठळक दिसतो आणि अख्खा थवा उठतो. म्हणून दारापर्यंतची वाट भरावाच्या बाहेरच्या पायथ्यानं न्या आणि बर्गे काढायचं काम पहाटे नको, दुपारी करा. पेटीवर जाळीचं झाकण आणि कुलूप लावाच: पडत्या पाण्याचा आवाज ऐकून मुलं हमखास वाकून बघतात. उन्हाळ्यात त्या डबक्यात मेलेले मासे-पक्षी दिसले तर रोज उचला, बोट्युलिझमची (पक्ष्यांना लुळं पाडणाऱ्या जिवाणूंच्या विषबाधेची) साखळी अशा कलेवरांतूनच वाढते.

पाणी दीड मीटरहून खोल असेल, किंवा आठवड्यातून दोनदा येणारं माणूस नसेल, तर हे दार घेऊ नका. घेतलंत तर बर्ग्यांना रंगानं क्रमांक घाला, दोन जादा करून ठेवा, आणि गेज पट्टीचं (पाण्याची खोली मोजायच्या पट्टीचं) शून्य दाराच्या उंबऱ्यावर नाही, तळ्याच्या सपाट तळावर धरा. नाहीतर पट्टीवर 40 दिसतात आणि बदकांच्या पायाखाली 10 सेंमीही नसतात.