जाम झालेले इंजिन अंगणात बदलल्यानंतरचे चौदा महिने

माझ्या २००६ सालच्या मारुती ८०० गाडीचे जाम झालेले इंजिन मी २०२४च्या जानेवारीत कोल्हापुरात, घराच्या अंगणातच, बदलले. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत गाडी ९,४०० किलोमीटर चालली आहे. हा अनुभव मी पहिल्याच आठवड्यात लिहिला असता तर तो निव्वळ कौतुकाचा झाला असता. आज लिहिताना सांगावेसे वाटते ते असे की, आणलेल्या जुन्या इंजिनाने मला एकदाही दगा दिला नाही आणि जो काही त्रास झाला तो मी पैसे वाचवण्यासाठी तशाच ठेवलेल्या किरकोळ वस्तूंनी दिला.

आधीचे इंजिन २०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत वैभववाडीहून करूळ घाटाने गगनबावड्याकडे चढताना गेले. तापमानाचा काटा आधी वर चढला आणि मग आपोआप खाली आला, तेव्हा मला हायसे वाटले. पाणी पूर्ण संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटे सांगू लागतो, हे मला त्या वेळी सुचले नाही. पुढच्या दोनतीन वळणांनंतर इंजिन एका झटक्यात बंद पडले. ॲल्युमिनियमचे पिस्टन तापून फुगतात, भिंतीवरचे तेल जळून जाते आणि पिस्टन सिलिंडरला घासत अडकून बसतात, एवढाच या प्रकाराचा अर्थ आहे. गाडी टोचन करून घरी आणली.

इंजिन जाम झाले असे ठरवण्याआधी मी दोन गोष्टी तपासल्या आणि त्या प्रत्येकाने तपासाव्यात. अल्टरनेटर किंवा पाण्याचा पंप अडकला तरी पट्ट्यामुळे इंजिन फिरत नाही, म्हणून आधी पट्टा सोडवला. सिलिंडरमध्ये पाणी भरले असेल तरीही ते फिरत नाही, म्हणून तिन्ही स्पार्क प्लग काढून पाहिले. त्यानंतर प्लगच्या भोकांतून थोडे डिझेल ओतले आणि दोन दिवसांनी क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुलीच्या बोल्टवर लांब दांडा लावून जोर केला, पण क्रँक तसूभरही हलली नाही.

कोल्हापुरात बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगसाठी उद्यमनगर असताना जुनेच इंजिन दुरुस्त का केले नाही, असे मला अनेकांनी विचारले. हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, काढल्यावर एका सिलिंडरमध्ये नखाला लागतील इतके खोल ओरखडे दिसले. म्हणजे बोअर (सिलिंडरचे भोक) वाढवणे, मोठ्या मापाचे पिस्टन, क्रँकचे काम आणि नवे शेल (क्रँकचे बेअरिंग), हे सगळे आले. गाडीची नोंदणी २०२१मध्ये पाच वर्षांसाठी नूतनीकरण केलेली आहे, त्यामुळे तेवढा खर्च मला पटला नाही. या मॉडेलचे तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन वर्षानुवर्षे लाखो गाड्यांत बसले असल्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाजारात ते सहज मिळते. ओम्नीचे इंजिन त्याच घराण्यातले असले तरी तिथे ते लांबीच्या दिशेने बसते, म्हणून मी ८००चेच शोधले.

ते १३,५०० रुपयांना मिळाले. विकत घेण्यापूर्वी तेलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट फेस नाही हे पाहिले, चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, उघडून तळाशी धातूचा कीस नाही याची खात्री केली आणि दुकानातच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला लावले. तिन्ही सिलिंडरमधील फरक १० पीएसआयच्या आत होता. ज्या गाडीतून इंजिन काढले तिच्या कागदपत्रांची प्रत आणि इंजिन क्रमांक लिहिलेले बिल मी हट्टाने घेतले, कारण इंजिन बदलल्याची खबर मोटार वाहन कायद्यानुसार चौदा दिवसांत आरटीओला द्यावी लागते आणि बिलाशिवाय तिथे काहीच पुढे सरकत नाही. विमा कंपनीलाही नवा क्रमांक कळवला.

प्रत्यक्ष कामाला मला आणि माझ्या भाच्याला चार रविवार लागले. उचलण्यासाठी नदीकाठच्या पाणबुडी मोटारी काढणाऱ्या एका फिटरकडून तीन पायांची लोखंडी तिकाटी आणि चेन पुली भाड्याने घेतली. पोर्चच्या स्लॅबला हुक मारून इंजिन टांगण्याचा विचार कोणी करत असेल तर त्याने तो कृपया सोडून द्यावा. बॉनेट, रेडिएटर, सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि दोन्ही एक्सल सुटे केल्यावर इंजिन गिअरबॉक्ससह वरून बाहेर येते. माझ्या गाडीत एसी नाही, त्यामुळे गर्दी कमी होती. प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिणे आणि सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढणे हे भाच्याने सुचवले, आणि तेच सर्वांत उपयोगी पडले.

शेजारचे निवृत्त फिटर काका रोज संध्याकाळी येऊन कट्ट्यावर बसत. दुसऱ्या रविवारी त्यांनी मला विचारले, "बदलायचं काय, कुणीबी बदलंल. पण पहिलं कशानं मेलं ते बघितलासा का?" मी रेडिएटरला बाहेरून गळती नाही, फाटलेला होज पाइप नवा घातला, असे उत्तर देऊन वेळ मारून नेली. गॅस्केटचा संच, टायमिंग बेल्ट, पुढचे सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग एवढेच नवे घेतले. क्रँकचे मागचे ऑइल सील (तेल बाहेर गळू न देणारी रबरी कडी) मात्र कोरडे दिसले म्हणून तसेच राहू दिले.

सुरू करण्यापूर्वी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढून, प्लग न लावता, तेलाचा दिवा विझेपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवले, जेणेकरून तेल सगळीकडे पोहोचावे. मग ते पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. पण दुसऱ्या दिवशी स्टार्टर जड फिरू लागला आणि क्लचची केबल हाताला चटका बसेल इतकी तापली. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी आम्ही परत जोडलीच नव्हती; वीज क्लचच्या केबलमधून वाट काढत होती. ती पट्टी भाच्याला हत्यारांच्या डब्यात सापडली आणि या गोष्टीवरून तो मला अजूनही चिडवतो.

फेब्रुवारीत गळीत हंगाम भरात असताना उसाच्या ट्रॉल्यांमागे कागलच्या रस्त्यावर अर्धा तास रांगावे लागले, तेव्हा काटा पुन्हा वर चढू लागला. या वेळी मी ताबडतोब गाडी बाजूला घेतली. रेडिएटर उघडून घेतला तर निम्म्याहून अधिक नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या होत्या. वर्षानुवर्षे मी त्यात बोअरवेलचे पाणी ओतत आलो होतो. घाटातल्या पहिल्या मृत्यूचे कारण हेच असणार, आणि तोच रेडिएटर मी नव्या सोयरिकीत हुंड्यासारखा दिला होता. नवा रेडिएटर ३,१०० रुपयांना बसवला, थर्मोस्टॅट बदलला आणि तेव्हापासून तयार मिश्रणाच्या कूलंटखेरीज दुसरे काही घातलेले नाही. त्यानंतर भर मे महिन्यात चार माणसे घेऊन जोतिबाचा डोंगर चढलो, पावसाळ्यानंतर आंबा घाटही केला. काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही.

मागच्या सीलने एप्रिलमध्ये तेल सोडले. क्लचवर तेल आल्याने चढाला गाडी घसरू लागली आणि शेदीडशे रुपयांच्या त्या सीलसाठी गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागला. क्लच प्लेटही दुसरी घ्यावी लागली. हा खर्च मी हिशेबात धरायचे टाळतो, पण धरायला हवा.

बाकी इंजिनाबद्दल तक्रार नाही. पहिल्या ५०० किलोमीटरला तेल बदलले आणि पुढे दर ५,००० किलोमीटरला बदलतो. मधल्या काळात पाव लिटरच्या आसपास भर घालावी लागते, जे या वयाच्या इंजिनाला शोभण्यासारखे आहे. गावात लिटरला पंधरा आणि महामार्गावर अठरा किलोमीटर मिळतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरते, कारण इंजिन ज्यांवर बसते ती फाउंडेशन रबरे आधीचीच आहेत. ती बदलायची ठरवून तीन महिने झाले.

क्लचची दुसरी वेळ सोडून एकूण २४,७०० रुपये लागले. त्यात आमची मजुरी नाही आणि पत्नीने अंगण महिनाभर वापरता न आल्याबद्दल ऐकवलेले शब्दही नाहीत. जुने इंजिन अजून जिन्याखाली आहे. त्याचे हेड उद्यमनगरात तपासून घेतले, ते सरळ निघाले, म्हणून भंगारात देण्याची घाई केलेली नाही. दर रविवारी रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवतो. गेल्या चार सोमवारी ते कोरडे होते, काल मात्र गिअरबॉक्सच्या बाजूला तेलाचा एक रुपयाएवढा डाग दिसला.