ड्राय हॉपिंग: प्रायमरीतच, की सेकंडरीत काढून?

घरी केलेली एल (बिअरचा एक प्रकार) आंबत आली, एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) बुडबुडे मंदावले, हॉप्सचं (बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं) पाकीट हातात आहे. वासासाठी हॉप्स असे उशिरा, न उकळता टाकणं म्हणजे ड्राय हॉपिंग. आता ते त्याच भांड्यात (प्रायमरी) टाकायचं, की बिअर आधी दुसऱ्या भांड्यात (सेकंडरी) काढून घ्यायची? माझं उत्तर आधीच सांगतो: बहुतेक वेळा त्याच भांड्यात.

सेकंडरीचा सल्ला आला तो भीतीपोटी. तळाशी बसलेलं यीस्ट मरून फुटेल आणि चव बिघडवेल, ही ती भीती. मोठ्या ब्रुअरीच्या उंच टाक्यांत तळाच्या यीस्टवर दाब असतो, उष्णता साठते; तिथे ती रास्त आहे. घरच्या 20 लिटरच्या भांड्यात तीन-चार आठवडे तरी काळजी नको.

खरा शत्रू ऑक्सिजन. सायफन लावताना हवा मिसळते, नव्या भांड्याच्या रिकाम्या जागेतही हवाच असते, आणि ती खाऊन टाकायला यीस्टमध्ये जोर उरलेला नसतो. मी एकदा एकच बॅच निम्मी-निम्मी केली. बाटलीत तीन आठवडे राहिल्यावर प्रायमरीतली फिकट सोनेरी होती, नाकाशी नेताच संत्र्याच्या सालीचा वास. सेकंडरीतली तांबूस पडलेली, वास ओल्या पुठ्ठ्याकडे झुकलेला. हॉप्स तेच, वजनही तेच.

प्रायमरीत वेळ मात्र साधावी लागते. आंबणं भरात असताना हॉप्स टाकले तर निघणारा कार्बन डायऑक्साइड वास घेऊन जातो, काही तेलं यीस्टला चिकटून तळाशी जातात. उलट त्याच काळात यीस्ट हॉप्सच्या तेलातल्या जिरॅनिऑलचं सिट्रोनेलॉल करतं, म्हणजे गुलाबाकडून लिंबाकडे वळणारा वास. धूसर, फळांच्या वासाची आयपीए (भरपूर हॉप्सची एल) हवी असेल तर हा सौदा परवडतो. साध्या पेल एलला मी थांबतो: शेवटची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबत जाते तशी उतरते) 1.012 अपेक्षित असेल तर 1.015 च्या आसपास टाकतो. झाकण उघडताना शिरलेली हवा यीस्ट तेव्हाही पचवतं. 20 लिटरला 40 ते 60 ग्रॅम, तीन-चार दिवस. फार काळ ठेवले तर गवताची चव उतरू लागते. पेलेट (हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या) थोडे थोडे सोडा, एकदम ओतले तर विरघळलेला वायू सुटून फेस झाकणाबाहेर येतो.

सेकंडरी कधी? तळाचं यीस्ट पुढच्या बॅचला हवं असेल, कारण हॉप्सचा चोथा मिसळला की ते वेगळं काढणं अवघड. किंवा फळं घालून बिअर महिनोन्महिने मुरवायची असेल तेव्हा. फक्त बिअर नितळ दिसावी म्हणून हा खटाटोप नको. दोन दिवस 1-2 अंश सेल्सियसला ठेवली की गाळ खाली बसतो.

दोन्हीकडे एक धोका सारखाच. हॉप्समधली एन्झाइम्स न आंबणारी साखर फोडतात आणि थांबलेलं आंबणं पुन्हा सुरू होतं. म्हणून हॉप्स टाकल्यानंतर, गार करण्याआधी, दोन-तीन दिवसांच्या अंतराने ग्रॅव्हिटी मोजा. दोन्ही वेळा आकडा तोच आला तरच बाटल्या भरा, नाहीतर त्या फुटू शकतात.