वूकॉमर्सचे शिपिंग झोन: मुंबईतल्या छोट्या दुकानाला पुरतात का?

पुरतात, पण माल साधारण सारख्या वजनाचा असेल तर. मसाले, भाजणी, साबण, कानातली असं काही विकणाऱ्यांना वूकॉमर्ससोबत (वर्डप्रेसच्या वेबसाइटवर दुकान चालवायच्या प्लगिनसोबत) फुकट मिळणारी शिपिंगची सोय भरपूर होते. मेतकुटाची १०० ग्रॅमची पुडी आणि ५ किलोंचा खलबत्ता एकाच कार्टमध्ये पडू शकत असेल, तर मात्र ती तोकडी पडते.

सेटिंग्जमधल्या ‘शिपिंग’ टॅबमध्ये झोन, म्हणजे पत्त्यांचे भागवार गट, बनवायचे आणि प्रत्येक झोनमध्ये फ्लॅट रेट (ठरावीक दर), फ्री शिपिंग, लोकल पिकअप यांपैकी हवं ते घालायचं. ग्राहकाचा पत्ता वरून खाली एकेका झोनशी ताडला जातो. जो पहिला जुळला, तिथे शोध संपतो आणि फक्त त्याच झोनमधले पर्याय दिसतात. दर चुकीचा का दिसतोय याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. ‘महाराष्ट्र’ वर आणि ‘मुंबई’ खाली ठेवला, की दादरच्या ग्राहकालाही महाराष्ट्राचाच दर लागतो. फ्री शिपिंग फक्त ‘भारत’ झोनमध्ये घातलं, तर ते बंगळुरूला दिसेल पण मुंबईकराला दिसणार नाही, कारण तो आधीच मुंबईच्या झोनमध्ये अडकलेला असतो. म्हणून छोटा भाग वर, मोठा खाली आणि फ्री शिपिंग हव्या त्या प्रत्येक झोनमध्ये वेगळं.

पिनकोडची पेटी हा या सोयीचा सगळ्यात चांगला भाग. एका ओळीत एक पिनकोड, शेवटी तारांकन किंवा दोन पिनकोडांच्या मध्ये तीन टिंबं देऊन पट्टा, हे सगळं चालतं. आकडे इंग्रजी अंकांत टाकायचे. मुंबई ४००००१ ते ४००१०४ या पट्ट्यात बसते. त्याऐवजी ४०० आणि तारांकन टाकलं तर ठाणं आणि नवी मुंबईही आत येतात, कारण ठाण्याचे पिनकोड ४००६०१पासून आहेत आणि वाशीचा ४००७०३. स्वतःचा माणूस लोकलने माल पोचवत असेल तर हे कदाचित हवंच असेल. पण मीरा रोड ४०१ने सुरू होतो, डोंबिवली आणि कल्याण ४२१ने. हे लोक स्वतःला मुंबईकर समजतात आणि मुंबईचा दर दिसला नाही की विचारतात, तेव्हा ४०१ आणि ४२१चं काय करायचं ते आधीच ठरवा. तारांकनाने अख्खा ४२१ घेतलात तर पार मुरबाड, शहापूरही मुंबईच्या दरात येतील. डोंबिवलीचे पिनकोड एकेक करून भरणं बरं.

महाराष्ट्रासाठी राज्य निवडा, ‘४० आणि तारांकन’ टाकू नका. ४०३ गोव्याचा आहे. उलट पिनकोडवर चालणाऱ्या मुंबईच्या झोनमध्ये प्रदेश म्हणून ‘महाराष्ट्र’ न निवडता ‘भारत’ निवडा. घाईत राज्याचा रकाना चुकवणारे ग्राहक असतात, आणि झोनला प्रदेश व पिनकोड दोन्ही जुळावे लागतात. जिथे माल पाठवायचाच नाही, त्या पिनकोडांचा एक झोन सगळ्यात वर करून त्यात एकही पद्धत घालू नका. तिथल्या ग्राहकाला ऑर्डर पूर्ण करता येत नाही.

आता दर. इथे सॉफ्टवेअर मदत करत नाही, कागद-पेन घ्यावं लागतं. कुरिअरचे दर बहुधा ५०० ग्रॅमच्या टप्प्यांत असतात. अर्धा किलो भाजणीचं पाकीट खोक्यात गेलं की ५०० ग्रॅमची रेघ ओलांडतं आणि पैसे एक किलोचे लागतात. भाजणी ४०० ग्रॅमच्या पाकिटात विकणं हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो शिपिंगच्या सेटिंगमध्ये सापडत नाही.

चकलीचं गणित याहून वाईट. ती वजनाला हलकी पण जागा खाते, आणि कुरिअर अशा खोक्याचं वजन त्याच्या आकारमानावरून धरतात. ३० × २० × १५ सेंमीचं खोकं म्हणजे ९,००० घन सेंमी. ५,०००ने भागलं की १.८ किलो. आत चकल्या पाऊण किलोच्या असल्या तरी बिल २ किलोंचं येतं. काही कुरिअर ५,०००पेक्षा लहान आकड्याने भागतात, तेव्हा करार करताना हा आकडा विचारा. समजा राज्याबाहेर पहिल्या टप्प्याला ५० रुपये आणि पुढच्या प्रत्येकाला ४५ असा दर आहे. २ किलोंचे १८५ होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २१८ रुपये ३० पैसे. खोकं, टेप वेगळं. फ्लॅट रेटमध्ये सरसकट ६० लिहून ठेवले असतील, तर प्रत्येक खोक्यामागे दीडशेहून जास्त रुपये आपल्या खिशातून जातात.

यावरचा फुकटातला तोडगा म्हणजे शिपिंग क्लास, म्हणजे एकाच दराने जाणाऱ्या मालाचा गट. ‘पाकीट’ आणि ‘मोठं खोकं’ असे दोन क्लास करा आणि फ्लॅट रेटमध्ये प्रत्येकाचा वेगळा दर लिहा. वरच्या मूळ खर्चाच्या रकान्यात काही लिहिलं असेल तर ते क्लासच्या दरात मिळवलं जातं. दोन्हीकडे पूर्ण दर लिहिला की ग्राहकाला दुप्पट लागतो. खाली दोन पर्याय आहेत: प्रत्येक क्लासचा दर वेगळा लावायचा, की कार्टमधल्या सगळ्यात महाग क्लासचा एकच. सगळा माल एका खोक्यात जात असेल तर दुसरा पर्याय घ्या. नगामागे वाढता दर हवा असेल तर त्याच रकान्यात नग मोजणारा शॉर्टकोड (कंसात लिहायचा छोटा कोड) चालतो. क्लासच्या रकान्यात तो फक्त त्या क्लासचे नग मोजतो.

वजन मात्र फ्लॅट रेट बघतच नाही. उत्पादनाच्या पानावर वजनाचा रकाना असल्यामुळे तो भरला की दर आपोआप बदलेल असा समज होतो, पण तसं होत नाही. त्यासाठी टेबल रेटचं (वजनानुसार दरांचा तक्ता लावणारं) वेगळं एक्स्टेन्शन लागतं. ऑर्डरी थोड्या असताना ते घेण्यापेक्षा खोक्यांचे दोन-तीन आकार पक्के करून क्लास लावणं शहाणपणाचं आहे. वजनात खूप फरक असणाऱ्यांनी मात्र सुरुवातीलाच टेबल रेट घ्यावं.

फ्री शिपिंगची किमान रक्कम कूपनची सूट वजा करून मोजली जाते. सूट देऊनही, समजा, ९९९ रुपयांची अट मूळ बेरजेवर मोजायची असेल तर तिथल्या चौकोनात टिकमार्क करा.

कॅश ऑन डिलिव्हरीच्या सेटिंगमध्ये ती कोणत्या शिपिंग पद्धतींना लागू करायची हे झोननिहाय निवडता येतं. हे फारसं कोणी वापरत नाही, आणि वापरायला हवं. परत आलेल्या पार्सलचं जाण्याबरोबर येण्याचं भाडंही दुकानावर पडतं, म्हणून लांबच्या झोनमध्ये आधी पैसे घेणं बरं. कॅशसाठी जादा आकार लावायची सोय मात्र मुळात नाही, प्लगिन लागतं.

जीएसटी नोंदणी असेल तर शिपिंगचा कर-वर्ग ‘कार्टमधल्या वस्तूंनुसार’ ठेवा. मालासोबत घेतलेल्या डिलिव्हरीच्या पैशांना मालाचाच दर लागतो. ५ टक्क्यांच्या मालावरच्या शिपिंगला १८ टक्के लावणं चूक आहे.

सगळं भरून झालं की शिपिंग सेटिंग्जमधला डीबग मोड चालू करा आणि ४०००२८, ४००६०१, ४०११०७, ४२१२०१, ४०३००१, ४४०००१ हे पिनकोड एकेक करून कार्टच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाका. कोणता झोन जुळला ते वर लिहून येतं. मोड बंद करायला विसरू नका, ती सूचना ग्राहकांनाही दिसू शकते.